मच्छेतली रूथ

मच्छे गावात लेकीच्या बारशाच्या सकाळी मांडवाच्या तोंडाशी बॅनर चढला आणि सौरवनं डोळे चोळून तो पुन्हा वाचला. गुलाबी फुग्यांच्या मधोमध हातभर अक्षरांत छापलं होतं, 'बेबी रूथ'.

नाव ठरलं होतं ऋता. नोंदणी कचेरीतल्या कानडी क्लार्कनं सांगितलं होतं, "गीता, लता, सगळ्यांच्या 'त'ला आमच्याकडं टी-एच, सर." जन्माच्या इंग्रजी दाखल्यावर टी-एच पडला, पण पुढचा 'ए' राहून गेला आणि ऋताची रूथ झाली. सौरवनं दाखला न वाचताच त्याचा फोटो बॅनरवाल्याला धाडला आणि केकवाल्यालाही.

"म्हणजे केकवर पण रूथच?" त्याच्या बायकोनं, ऋतिकानं, दात खात विचारलं.

तेवढ्यात त्याची आई, गुणाबाई, बाहेर आली. "रूथ? मला न इचारता इंग्लिश नाव ठेवलंस व्हय गं?"

"मी न्हाय आई, ह्यांनी..."

"माझ्या पोरावर ढकलू नगंस!"

पाहुणे यायला लागले. निपाणीच्या रुक्माआत्यानं आल्या आल्या विचारलं, "फारिनला निघालाय काय रं?" सौरव शिडी लावून बॅनर सोडायला वर चढला.

तोच शेजारच्या जयाबाई आल्या. निवृत्त नर्स, दर रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या. बॅनर बघून त्यांचा चेहरा खुलला. "गुणाक्का, लई चांगलं नाव काढलंसा! आमच्या बायबलात रूथ म्हंजे सासूला जीव लावणारी सून. सासू म्हणाली माहेरी जा, तरी गेली न्हाय. सासूसाठी लोकांच्या रानात कापणीत सांडलेल्या कणसांचा सरवा वेचला तिनं. आन् पुढं तिचा पणतू राजा झाला, बघा!"

गुणाबाईंचा आवाज एकदम खाली आला. "सासूसाठी सरवा वेचला? ऐकलंस न्हवं, ऋतिका? सौरव, बांध तो बॅनर परत. रूथच ऱ्हाऊ दे."

कचेरीचा हेलपाटा वाचला म्हणून सौरव खूश झाला. ऋतिकानं मात्र गोड आवाजात विचारलं, "जयाबाई, त्या रूथचा नवरा काय करत होता हो?"

जयाबाई जरा चुळबुळल्या. "तो आधीच वारलेला गं. म्हणून तर सासू तिला माहेरी जा म्हणाली."

सासू-सुनेनं एकदमच वर, शिडीवरच्या सौरवकडं बघितलं.

"खाली उतर रं पयला!"

"उतरा आधी, सावकाश!"

"अवो, नावानं काय हुतंय?" जयाबाई हसल्या. "आमच्यात रूथ लई हाईत. नवरे ठणठणीत हाईत सगळ्यांचे."

"तुमचं खरं हाय वो," गुणाबाई म्हणाल्या, "पर सौरव, सोमवारी कचेरी उघडायच्या आत दारात उभा ऱ्हा. ऋता करून आण."

"आणि येताना वाचून या," ऋतिका म्हणाली.

सौरवनं मान डोलावली. लग्नाला तीन वर्षं झाली होती. सासू-सुनेचं आज पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि तेही त्यानं जगावं यावर. त्याला फार म्हणजे फारच हायसं वाटलं.