जावक कारकुनाची अ श्रेणी

माणूस काम का करतो, हे त्याचं त्याला कधीच कळत नाही. ते दुसऱ्याकडून शोधून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी निविदा काढावी लागते. कार्यालयाने ती रीतसर काढली आणि कर्मचाऱ्यांच्या मनाचा अभ्यास करायला एक तज्ज्ञ बाई आल्या. स्वभावाने चांगल्या होत्या. गळ्यात घड्याळ, हातात तक्ता, आणि कोणी शिंकलं तरी "त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?" असं विचारायची सवय.

तीन आठवड्यांत एकेचाळीस मनं तपासून झाली. (आणखी दोन होती, पण ती रजेवर होती.) उसासे मोजले, चहाच्या फेऱ्या मोजल्या, घड्याळाकडे टाकलेल्या नजरा मोजल्या. नजरांची सरासरी माणशी रोज एकोणीस भरली. जावक कारकुनाची एकही नाही.

जावक कारकून म्हणजे बाहेर जाणाऱ्या पत्रांवर नंबर घालून ती वहीत चढवणारा माणूस. बाईंनी त्याच्याबद्दल लिहिलं: सकाळी शिपायाच्या आधी हजर. संध्याकाळी शिपाई दिवे मालवायला आला की "हे एवढं एक पत्र" म्हणतो. रविवारी काय करता, या प्रश्नाचं उत्तर: सोमवारची वाट बघतो. घरी फोन रोज एक, साडेपाचला. पलीकडून कोणी उचलत नाही. वाया गेलेला वेळ अकरा सेकंद. (अनुकरणीय.)

अख्ख्या कार्यालयात अ श्रेणी त्याला एकट्याला मिळाली. शेजारच्या टेबलावर येणारी पत्रं चढवणाऱ्या आवकताईंना क मिळाली, कारण सव्वापाचलाच त्यांची पर्स टेबलावर यायची. घरी त्यांची सात वर्षांची मुलगी दारात उभी असे.

साहेबांनी कारकुनाला बोलावून घेतलं. "तुमची प्रेरणा काय? संकोच करू नका."

"बायको वारली, साहेब. फेब्रुवारीत."

"अरेरे. आणि प्रेरणा?"

"घरी गेलं की कपबशी सकाळी ठेवली तिथेच असते. ते बघवत नाही. म्हणून इथे बसतो."

तज्ज्ञ बाईंनी लिहून घेतलं: घरी वाट बघणारं कोणी नसल्यास कार्यक्षमता चाळीस टक्क्यांनी वाढते.

शोध मोठा होता, राबवायचा कसा एवढाच प्रश्न होता. वाट बघणारी माणसं कमी करणं कार्यालयाच्या अधिकारात बसत नव्हतं. (विधी शाखेला विचारून खात्री केली.) बाईंनी मार्ग काढला. माणसं असू द्यावीत, फक्त त्यांचं वाट बघणं थांबवावं. त्यासाठी सगळ्यांनी सहा महिने रात्री आठपर्यंत बसायचं. घरचे पहिल्या महिन्यात चिडतात, दुसऱ्यात रुसतात, तिसऱ्यापासून जेवून घेतात.

पहिल्याच दिवशी साडेपाचला कारकून आवकताईंच्या टेबलाशी गेला.

"ताई, तुम्ही निघा. तुमची पत्रं मी चढवतो."

"आणि साहेबांनी विचारलं तर, भाऊ?"

"सांगतो, आतल्या खोलीत जुनी फाइल शोधतायत. तिथे आजवर कोणी बघायला गेलेलं नाही."

महिनाभर निभलं. दोघांचं काम एकट्याने केल्यामुळे कारकुनाचा आलेख दुप्पट उंच झाला आणि योजनेचं यश म्हणून भिंतीवर लागला. मग एके दिवशी साहेबांनाच जुनी फाइल लागली. ताईंना लेखी समज मिळाली आणि त्या आठपर्यंत बसू लागल्या.

तेव्हा कारकुनाने अर्ज केला. "माझी अ श्रेणी काढून घ्यावी. मी हुशार नाही, माझ्या घरी कोणी नाही एवढंच. ताईंच्या घरी आहे. त्यांना वेळेवर सोडावं." अर्ज नियमाप्रमाणे आवकमध्ये आला. ताईंनीच त्यावर नंबर घातला आणि विषयाच्या रकान्यात लिहिलं: किरकोळ. वरून उत्तर आलं, की अर्जदाराचा विनय नोंदवून घेतला आहे आणि त्याचे दोन गुण वाढवले आहेत.

सहाव्या महिन्यात एकदा आठ वाजता शिपाई दिवे मालवायला आला.

"ताई, आता तरी उठा," कारकून म्हणाला.

"बसते हो जरा." ताईंनी वहीतून मान वर केली नाही. "पोरगी आजीजवळ जेवून झोपते. परवा लवकर गेले, तर म्हणाली, 'आज काय काम काढलंस?' जाऊन तरी करू काय?"

कारकुनाने त्यांच्या पुढ्यातली निम्मी पत्रं उचलली आणि आपल्या टेबलावर नेली. त्या तिमाहीत ताईंना अ श्रेणी मिळाली.

योजना आता कायम झाली असून भरती चालू आहे. परीक्षा नाही. हा मजकूर इथपर्यंत वाचायला साधारण चार मिनिटं लागतात. तेवढ्यात तुम्हाला घरातून कोणी हाक मारली नसेल, तर अर्ज करावा. कोणी हाक मारली, आणि "आलो, आलो" म्हणून तुम्ही वाचतच राहिला असाल, तर अर्जाचीही गरज नाही. सोमवारपासून यावं.