हद्दीबाहेर गेलेलं विमान

एका जंगलात, जिथे प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर नंबर रंगवलेला होता आणि कोणतं झाड कोणत्या खात्याकडे येतं हे माकडांनाही पाठ होतं, दाजीबा नावाचा एक साळिंदर राहत होता.

मुलांनो, तुम्ही साळिंदर पाहिलं नसेल तर सांगतो. त्याच्या पाठीवर लांब लांब काटे असतात. राग आला की ते ताठ उभे राहतात. आमच्या दाजीबाचे तर आनंद झाला तरी उभे राहायचे, आणि त्याला राग आणि आनंद दोन्हींना वेळ लागत नसे.

अशा प्राण्याने कंद उकरावेत, मुळं खावीत, गप्प बसावं. दाजीबा विमानं बनवायचा.

खरीखुरी नव्हेत. हीऽऽ एवढी, दोन हात लांब. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा सांगाडा. त्यावर गांधीलमाश्यांनी सोडून दिलेल्या पोळ्याचा तलम कागद. पुढे एक पंखा आणि पोटात रबराचा पट्टा. पंखा उलटा फिरवून पट्ट्याला पीळ द्यायचा आणि विमान सोडून द्यायचं. पीळ उलगडतो, पंखा गरगरतो, विमान चढतं. एकदा सोडलं की सोडलं. मग हाक मारा, हातवारे करा, रडा. ते आपल्या मनाने जातं. शेपटी केसभर वाकवायची, नाकाला मोहरीएवढं मेण लावायचं, ते सगळं आधी. नंतर फक्त मान वर करून बघायचं.

विमानाचा नकाशा दाजीबाचा नव्हता. त्याचे गुरू आत्माराम उदमांजर यांनी तो फार पूर्वी झाडाच्या सालीवर कोळशाने काढला होता. दाजीबाने त्यात आयुष्यभर एक रेघ बदलली नाही. नकाशात डाव्या पंखावर एक गोल ठिपका होता. दाजीबा दर वेळी त्या जागी एक छोटासा उंचवटा बांधायचा.

"अहो, तो मधाचा डाग आहे," त्याची बायको अनसूया म्हणायची. "उस्ताद खाता खाता काढत असतील."

"उस्तादांनी काढलंय ना? मग असू दे," दाजीबा म्हणायचा.

त्या नकाशावरून त्याने अकरा विमानं बांधली होती. काही पडली, काही भिजली, आणि चार त्याच्याच काट्यांनी भोसकली गेली. विमान हातात धरलं की त्याला आनंद व्हायचा, आनंद झाला की काटे उभे राहायचे, आणि कागद फाटायचा. म्हणून पीळ देऊन झाला की दाजीबा दहा पावलं मागे सरायचा. विमान धरायची आणि सोडायची ती अनसूया. तिला पटकन काही होत नसे.

रोज पहाटे, वारा पडलेला असताना, ती दोघं कोरड्या माळावर जायची. विमानाच्या शेपटीला दाजीबा सुताची एक वात लावून पेटवायचा. वात जळत जाऊन एक दोरा तोडायची. दोरा तुटला की शेपटी वर उचलली जायची आणि विमान अलगद खाली यायचं. हीसुद्धा उस्तादांचीच युक्ती. ते म्हणायचे, "कधी कधी तापलेल्या जमिनीतून गरम हवा वर उठते. घारी तिच्यावरच फिरतात. विमान तिच्यात सापडलं आणि वात नसली, तर त्याला विसरून जायचं."

उस्तादांनी आयुष्यात हे एकदाच पाहिलं होतं. दाजीबाने एकदाही नाही. पहाटे कसली गरम हवा! आणि आता त्याला लांबचं धूसर दिसायला लागलं होतं. बारावं विमान सर्वांत सरळ जमलं होतं. ते उंच गेल्यावर तो अनसूयेला विचारायचा, "कुठंय?" मग ती सांगायची.

एके दिवशी माळावरून कोल्हेसाहेब चालले होते. हे जंगलाचे सचिव. त्यांनी विमान पाहिलं आणि ते थांबले.

"वा! हे वर गेल्यावर कोणाच्या ताब्यात असतं?"

"कोणाच्याच नाही," दाजीबा म्हणाला.

"म्हणजे? कुठे वळायचं ते कोण ठरवतं?"

"तेच."

"आणि उतरायचं कुठे?"

"जिथे उतरेल तिथे."

कोल्हेसाहेबांचा चेहरा पडला. जंगलात इतकी वर्षं एक वस्तू कोणाच्याही हुकमाशिवाय हिंडत होती आणि त्यांना पत्ता नव्हता.

आठवड्याच्या आत मुक्त उड्डाण नियंत्रण समिती स्थापन झाली. अध्यक्ष म्हणून गव्यांचे अण्णासाहेब आले, कारण ते कोणत्याही खुर्चीत बसले की ती भरलेली दिसायची. तज्ज्ञ म्हणून घुबड आलं. बैठका दिवसा असल्यामुळे ते सर्व ठरावांच्या वेळी झोपलेलं असायचं, आणि म्हणून सर्व ठराव एकमताने व्हायचे.

मग जाहीर झालं की वाघमहाराजांच्या वाढदिवसाला कोरड्या माळावर वारसा विमानांची स्पर्धा होईल. जो भाग घेणार नाही, त्याला यापुढे माळ बंद.

दाजीबा अर्ज घेऊन गेला.

"विमान किती जुनं आहे?" कोल्हेसाहेबांनी विचारलं.

"नकाशा फार जुना. विमान गेल्या महिन्यात बांधलं."

"म्हणजे बनावट."

"नाही हो. तेच विमान. बाराव्यांदा बांधलं."

कोल्हेसाहेबांनी विचार करून अर्जात लिहिलं, 'वय: बारा वेळा'. मग त्यांनी नियम वाचून दाखवले. पंखावर मालकाचं नाव आणि पत्ता घालायचा. विमान कुठे उतरणार ते आधी लिहून द्यायचं. वात लावायची नाही, कारण गवत पेटेल. आणि शेपटीला वीस हात दोरी बांधायची, म्हणजे विमान परत आणता येईल.

दाजीबाचे काटे उभे राहिले. "दोरी बांधल्यावर ते मुक्त कसलं?"

"दोरी संपेपर्यंत ते पूर्ण मुक्त आहे," कोल्हेसाहेब समजूत घालत म्हणाले. "त्याच्या स्वातंत्र्याला हात लावायचा समितीचा मुळीच विचार नाही."

दाजीबा अर्ज तसाच घेऊन घरी आला आणि कोपऱ्यात तोंड करून बसला. "मी नाही जाणार," तो म्हणाला.

"मग माळ जाईल."

"जाऊ दे."

"आणि रोज पहाटे उठून काय करणार? माझ्याशी गप्पा मारणार?" अनसूया म्हणाली.

दाजीबाने अर्जावर पंजा उमटवला.

स्पर्धा सूर्योदयाला होती. वारा पडलेला होता. दाजीबा आणि अनसूया आली, बाकीचे स्पर्धक आले, समिती आली. वाघमहाराज आले नाहीत. प्रमुख पाहुण्यांशिवाय सुरुवात कशी करणार? सगळे थांबले. ऊन वर आलं. अण्णासाहेबांनी भाषण सुरू केलं. माळावरचे काळे दगड तापू लागले. अण्णासाहेब प्रास्ताविकातून विषयाकडे वळले तेव्हा पायाला चटके बसत होते आणि गवतावरची हवा थरथरत होती. लांब कुठेतरी दोन घारी पंख न हलवता गोल गोल चढत होत्या.

दाजीबाला घारी दिसल्या नाहीत. पण पायाखालचा चटका कळला. त्याने अनसूयेकडे पाहिलं. ती वर घारींकडे बघत होती.

भर दुपारी महाराज आले, जांभई देऊन बसले आणि स्पर्धा सुरू झाली.

पहिला आला मोर. त्याचं विमान पिसांनी, मण्यांनी आणि सोनेरी वर्खाने मढवलेलं होतं. ते इतकं जड होतं की चार सांबरांनी उचलून मेजावर ठेवलं. मोराने विमानाविषयी माहिती सांगितली, दोरी दाखवली आणि नमस्कार केला. टाळ्या पडल्या. विमान मेजावरच राहिलं.

मग माकडाने आपलं विमान हातात धरून माळाला एक फेरी मारली. तोंडाने आवाजही काढला. महाराजांना ते फार आवडलं.

नंतर दाजीबाचं नाव पुकारलं गेलं.

त्याने पीळ दिला. शंभर, दोनशे, अडीचशे. पट्टा गाठीगाठींनी फुगला. तो दहा पावलं मागे सरला. अनसूयेने विमान छातीशी धरलं. शेपटीपासून निघालेली दोरी खुंटीपर्यंत गवतात पडली होती.

"सोडू का?" तिने विचारलं.

दाजीबाने मान डोलावली.

आता मुलांनो, साळिंदराचे दात तुम्हाला माहीत नसतील. ते हाडसुद्धा कुरतडतात. अनसूयेने मान खाली घातली. लोकांना वाटलं, विमानाला नमस्कार करते आहे. कट् असा बारीक आवाज झाला आणि तिने विमान सोडलं.

ते चढलं. वीस हातांवर कोल्हेसाहेबांनी झटका बसायची वाट पाहिली. झटका बसला नाही. विमान उजवीकडे वळलं, काळ्या दगडांवर आलं आणि तिथे कोणीतरी तळव्यावर उचलून धरावं तसं वर गेलं. पीळ संपला, पंखा थांबला. तरी ते चढतच राहिलं. घारींच्या घिरट्यांत मिसळलं. कागदातून ऊन आरपार दिसत होतं.

"परत बोलवा!" कोल्हेसाहेब ओरडले.

"वात काढायला तुम्हीच सांगितलंत," दाजीबा म्हणाला. तो त्यांच्याकडे बघतही नव्हता. त्याचे सगळे काटे उभे होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "कुठंय गं?"

"त्या ढगाच्या खाली. गोल घेतंय."

"आता?"

"ढगाच्या कडेला. छान चाललंय."

"अजून आहे?"

"आहे. त्या घारीच्या डावीकडे."

घारी केव्हाच निघून गेल्या होत्या. आभाळ रिकामं होतं. अनसूया तरी बराच वेळ सांगत राहिली, आणि दाजीबा मान वर करून ऐकत राहिला.

संध्याकाळी निकाल लागला. पहिलं बक्षीस मोराला, सर्वांत सुरक्षित उड्डाणाबद्दल. दुसरं माकडाला, विमानावर अखेरपर्यंत ताबा ठेवल्याबद्दल. 'दाजीबा साळिंदर: विमान हजर नसल्यामुळे अपात्र.'

मग दोरीची चौकशी झाली.

"कोणी तोडली?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"मी," दाजीबा म्हणाला.

"काहीतरीच काय! तुम्ही दहा पावलं लांब होतात," अनसूया म्हणाली. "मी तोडली."

"मनात तर मीच आधी तोडली होती," दाजीबा म्हणाला.

एका दोरीला दोन आरोपी घेण्याची नियमात सोय नव्हती. घुबडाला मत विचारलं. ते झोपेत हुंकारलं. तो होकार धरून दोघांनाही माळ कायमचा बंद करण्यात आला.

दाजीबा त्यानंतर पहाटे उठायचा, दारापर्यंत जायचा आणि परत यायचा. तेराव्या विमानासाठी लाकूड आणलं होतं, पण तो त्याला हात लावत नव्हता. उडवणार कुठे? आणि एक गोष्ट त्याला छळत होती. विमान गेलं, याचं त्याला काही नव्हतं. पण किती लांब गेलं? टेकडीमागे लगेच पडलं असेल का? पंख मोडला असेल का? हे सांगायला कोण येणार होतं?

दोन महिन्यांनी टपालवाला कावळा एक लखोटा घेऊन आला. पलीकडच्या जंगलाचा शिक्का होता. दाजीबाला अक्षर लागेना. अनसूयेने वाचायला घेतलं.

"'कारणे दाखवा नोटीस. विषय: विनापरवाना हद्दप्रवेश. आपणांस कळविण्यात येते की, पंखावरील नाव व पत्त्यानुसार आपले असलेले एक विमान आमच्या हद्दीत, देवकड्याच्या पलीकडे, आपल्या माळापासून साडेचार कोसांवर, उंबराच्या शेंड्यावर सुस्थितीत आढळून आले आहे...'"

"थांब," दाजीबा म्हणाला. "किती कोस?"

"साडेचार."

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं.

"आणि कशा स्थितीत?"

"सुस्थितीत. पुढे बघा, किती कडक लिहिलंय. सदर कृत्याबद्दल आपणांवर कारवाई का करण्यात येऊ नये—"

"ते राहू दे. देवकड्यापासून वाच."

त्या दिवशी तिने ते वाक्य सात वेळा वाचलं. दाजीबाने टाळ्या वाजवल्या, घरभर फिरला, आणि त्याच्या काट्यांनी भिंतीचा गिलावा चार ठिकाणी उडाला. मग त्याने नोटीस भिंतीवर लावली.

"अहो, उत्तर द्यायला हवं," अनसूया म्हणाली. "कारण विचारलंय त्यांनी."

"लिही," दाजीबा म्हणाला. त्याने थोडा विचार केला. "लिही, ऊन चांगलं पडलं होतं."

तिने तेवढंच लिहिलं. खाली दोघांनी पंजे उमटवले आणि दाजीबा पांगाऱ्याचं लाकूड तासायला बसला.

तात्पर्य: मुलांनो, आपलं काम किती लांब पोहोचलं हे बक्षिसावरून कधीच कळत नाही, त्यासाठी नोटीस यावी लागते. म्हणून नोटीस आली तर ती भिंतीवर लावावी. आणि पहिलं बक्षीस मिळालं तर घाबरून न जाता, आपण मेजावरून उठलो होतो का, ते एकदा तपासून पाहावं.