दादांचा स्वच्छ आवाज

सुज्ञ वाचकहो, फोनला स्पीकर जोडणे हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे, असे मी सर्वांसमक्ष जाहीर केले आणि तेथेच माझ्या अधःपतनास प्रारंभ झाला!

आमचे कैलासवासी वडील, म्हणजे दादा, बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करीत. स्थानक घरासमोरच, त्यामुळे भोंग्यातून त्यांचा आवाज दिवसभर आमच्या स्वयंपाकघरात येई. शेवटच्या गाडीची घोषणा झाली, की आई जेवण गरम करण्यासाठी गॅस पेटवी. घरी आल्यावर मात्र दादा घसा दुखतो म्हणून मौन पाळीत.

त्यांच्या सहकाऱ्याने उद्घोषणेच्या खोलीतच केलेले एक जुने ध्वनिमुद्रण ताईने नुकतेच फोनवर उतरवून घेतले होते. आईचे कान दिवसेंदिवस मंद होत चालले होते.

"ऐकू येतंय तोवर एकदा ऐकव रे मला," एवढेच ती म्हणाली.

म्हणून मी दोन भव्य स्पीकर आणले. फोनचा आवाज पूर्ण, स्पीकरचा पूर्ण, वर बासही पूर्ण! आईसाठी कंजुषी कशाला? कळ दाबताच पत्र्याच्या पिंपात रेडे झुंजू लागले! पाण्याची मोटार जळाली असे समजून खालच्या काकांनी इमारतीचा मेन स्विच पाडला. दूध घेऊन येणारे भावजी लिफ्टमध्ये अडकले.

"अहो, मला बाहेर काढा!"

"थांबा जरा!" ताई ओरडली. "आधी दादांचा घसा साफ होऊ दे!"

यथावकाश वीज परतली, भावजीही परतले. ताईने माझी हजेरी घेतली.

"दोन्हीकडून ताणलंस तर आवाज फाटणारच ना, शहाण्या! फोन थोडा खाली घे. बास बंद. आता स्पीकर हळूहळू वाढव."

काय वर्णावे! आवाज काचेसारखा निर्मळ झाला. दादांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. ताईने डोळ्यांना पदर लावला. मी विजयी मुद्रेने आईकडे पाहिले.

"छान बोलतात," आई म्हणाली. "कोण हे गृहस्थ?"

"अगं, दादा!"

"चल! त्यांचा आवाज कसा खरखरीत! भांडी थरथरायची माझी."

मी सर्व बटणे पुन्हा पूर्ण फिरवली. पिंप गरजले. शेवटची गाडी फलाटावर लागली. आई पदर खोचून उठली आणि तिने गॅस पेटवला.

आणि आमचे भावजी? ते जिन्याने धावत खाली गेले आणि मेन स्विचसमोर हात पसरून उभे राहिले!