अप्पांच्या भिंतीतली एकतीस भोकं

समस्त भाडेकरूंना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, सालवडच्या आमच्या घरमालकांना, म्हणजे अप्पांना, भिंतीचा वास घेता येतो. हसू नका. हे ज्ञान मी पंचवीस हजारांचं डिपॉझिट पणाला लावून मिळवलं आहे.

अप्पा मूळचे बागायतदार. वय पंचाहत्तर, अंगात खिशाची बंडी, कानावर पेन्सिल. चिकूची अर्धी वाडी मोडून त्यांनी चार खोल्या बांधल्या आणि ज्या हातांनी झाडं वाढवली, त्याच हातांनी आता ते भिंती कुरवाळतात. कुठे ओल दिसली, की ताप आलेल्या पोराकडे बघावं तसे बघत उभे राहतात. भाडं थकलं तर चकार शब्द काढणार नाहीत. पण खिळा ठोकल्याचा आवाज आला, की भरल्या ताटावरून उठून दारात हजर.

"राग नका मानू भाऊ, पन नियम हाय. भितीला पन दुकतं."

म्हणून सहा वर्षं आम्ही खिळे ठोकले ते अप्पा बाजारात गेल्यावर. कॅलेंडर, घड्याळ, मच्छरदाणीचे चार कोपरे, बायकोच्या माहेरचा दोन खिळ्यांचा आरसा, आणि असंच काय काय. भिंत बिचारी काही बोलली नाही.

यंदा आम्ही पालघरला घर बघितलं. तिथल्या मालकाची अट साफ होती : राहायला याल त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत डिपॉझिट हातात, तरच किल्ली, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. आणि आमचे पैसे अडकलेले अप्पांकडे. खोली तपासल्याशिवाय ते डिपॉझिट सोडत नसत. आमच्या शेजाऱ्याला त्यांनी दोन खिळ्यांपायी महिनाभर फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

भोकं बुजवायचा भाडेकरूंचा ठरलेला उपाय म्हणजे टूथपेस्ट. अप्पांच्या भिंती फिक्या पिवळ्या, म्हणून बायकोने पेस्टमध्ये चिमूटभर हळद कालवली. आदल्या दिवशी आम्ही दोघांनी एकेक भोक असं काही लिंपलं, की माझं मलाच सापडेना. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

दुपारी तीनला सामान टेम्पोत चढलं आणि अप्पा खोलीत शिरले. भिंतीला नाक लावलं. दोन पावलं सरकले. पुन्हा नाक.

"वैनी, पेस्ट लवंगवाली काय?"

"काहीतरीच काय अप्पा! कसली पेस्ट?" बायको म्हणाली.

"मंग ह्या मुंग्या काय दात घासाया आल्या?"

मी वाकून पाहिलं. प्रत्येक भोकाशी मुंग्यांची पंगत बसली होती. आम्ही विसरलो होतो, पेस्ट गोड असते. अप्पांनी कानावरची पेन्सिल काढली आणि एकेका भोकाभोवती शांतपणे गोल काढायला सुरुवात केली. बाहेरून टेम्पोवाला ओरडला, "भाईसाब, जल्दी करो, आगे दूसरा भाडा है!" अप्पा पुढच्या भिंतीकडे वळले.

चार वाजले.

"एकतीस," अप्पा म्हणाले. "भाऊ, भित हाय का चाळन?"

मी हात जोडले. "अप्पा, कापायचे तेवढे पैसे कापा, पण उरलेले आत्ता द्या. पाचला किल्ली नाही मिळाली तर आज आम्ही सामानासकट रस्त्यावर आहोत."

अप्पांनी बंडीच्या खिशातून पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. मी मोजले. पंचवीस हजार. एक पैसाही कापलेला नव्हता.

"आणि भोकं?"

"ती तुमीच बुजवायची. पुट्टी मी आनून ठेवतो. दर रविवारी यायचं, एक भोक बुजवायचं, चा प्यायचा, जायचं. वैनीला पन आना."

"अहो, पण मधे नवीन बिऱ्हाड आलं म्हणजे?"

"तवर खोली देतो कोन?"

मला हसू आलं. "अप्पा, अर्ध्या तासाचं काम आहे. येत्या रविवारी येतो आणि एकतीसच्या एकतीस बुजवून टाकतो."

अप्पा भिंतीवरच्या मुंग्या फुंकरीने उडवत होते. फुंकर अर्धवट थांबली. माझ्याकडे न बघताच ते बोलून गेले,

"आनि मंग त्याच्या फुडच्या रविवारी कोन येल?"