दिवे मोठे करा

"शाळेत पंखे बंद करतात हो मुलं, पण घरी काय करतात?" मुख्याध्यापक अरुणसरांनी विद्याश्रीला विचारलं. पुण्याहून म्हैसूरला आलेले सर प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागत. "शनिवारी संध्याकाळी शाळेमागच्या गल्लीत मला अंधार दाखवा. नाहीतर तुमचा वीजबचतीचा तास गणिताला देतो."

त्या तासात विद्याश्रीचा जीव होता. वर्गाबाहेर पडताना मुलं आता न सांगता बटणं बंद करायची, ती त्या तासापायी. तिने लगेच नजरबाद भागातल्या त्या गल्लीतल्या मराठी घरांच्या ग्रुपवर बोलून निरोप टाकला. "शनिवारी सातला सगळ्यांनी घरातले दिवे मोठे करा हं. सर गच्चीवरून बघणार आहेत."

'विझवा' तिच्या तोंडी आलंच नाही. दिवा विझवायचा नसतो, मोठा करायचा असतो, असं वडील म्हणत. त्यांना जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं आणि तिच्या बोलण्यात त्यांचे शब्द न विचारता येत.

शनिवारी सात वाजता दोघं गच्चीच्या कठड्याशी उभी राहिली. गल्लीतली एक खिडकी उजळली. मग दुसरी. मग ओळीने, एक घर सोडून, सगळ्या. शेवटी शाळेतल्या काव्या या मुलीचे वडील मालोजीराव यांच्या घरावरून निळ्या-पिवळ्या माळा सरसर खाली उतरल्या. लग्नाच्या मांडवांची रोषणाई हा त्यांचा धंदाच होता.

"इथल्या राजवाड्याची रोषणाई तर रविवारी असते ना?" सर हळूच म्हणाले.

विद्याश्रीचा फोन वाजला. मालोजीरावांच्या शेजारीच राहणारी तिची आई होती, सुमित्राबाई. "विद्या, मी दिवे मोठे केले ग. सगळं घर काळोखात आहे. पण हा मालोजी माझ्या अंगणात माळा टाकतोय. नको, बेडा म्हटलं तरी ऐकत नाही."

"त्याला दे फोन."

"विद्याक्का, टेन्शन नको," मालोजीराव धापा टाकत म्हणाले. "मोठे करा म्हटलंस, केले. बल्ब पण मोठे आणले. सरांना दिसतंय ना नीट?"

"अहो, मोठे करा म्हणजे बंद करा."

"अय्यो. मग तसं सांगायचं की ग. थांब, एकदमच घालवतो."

त्यांनी कुठलं बटण दाबलं कोण जाणे. खांबावर फट् झालं आणि गल्ली, शाळा, पलीकडचा रस्ता, सगळं एकदम गेलं.

विद्याश्रीने डोळे मिटून घेतले. तास गेला. उघडले तेव्हा सर वर बघत होते. चामुंडीच्या डोंगरावर चांदण्यांनी भरलेलं आभाळ इतकं खाली आलं होतं, की हात लावावा. खाली लोक एकेक करून अंगणात आले होते आणि कुणीच मोठ्याने बोलत नव्हतं. देवळात शिरल्यासारखी ती सारी गल्ली माना वर करून उभी होती.

"हे रोज असतं?" सरांनी कुजबुजत विचारलं.

"रोजच असतं, सर. आपणच दिवे लावून ते झाकून बसतो."

बऱ्याच वेळाने वीज आली. सगळा झगमगाट पुन्हा डोळ्यांत घुसला. खालून कुणीतरी कळवळून म्हणालं, "घालव रे ते." एक खिडकी मिटली. मग दुसरी. माळाही गेल्या. ग्रुपवर कुणीही काही सांगितलं नव्हतं. सरांनी स्वतः खाली जाऊन शाळेच्या फाटकावरचा दिवा बंद केला आणि अंधारातच चाचपडत परत वर आले.

"तास तुमचाच," ते म्हणाले. "दर शनिवारी करू हे. फक्त निरोप मी लिहितो. शुद्ध मराठीत, म्हणजे घोटाळा नको." आणि त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'पुढील शनिवारी सात वाजता सर्वांनी दिवे मालवावेत.'

उत्तर लगेच आलं. मालोजीरावांचं होतं.

'ओके सर, दिवे माळवायचे ना. या वेळी माळा थोड्या कमी पडल्या. पुढच्या शनिवारी गल्लीभर माळवतो.'