दारावर लागलेलं नाव

फोन माझा होता, एवढंच काय ते माझं चुकलं.

लग्नात भावानं दिलेला. त्या साथीच्या साली बाजारच्या फाटकावर सरकारी अ‍ॅप दाखवल्याशिवाय आत सोडेनात, आणि ह्यांचा फोन बटणांचा. म्हणून मीच माझ्या फोनवर अ‍ॅप घेतलं, त्यात स्वतःचं पूर्ण नाव भरलं. (दिंद्रुडला सासरी आल्यापासून मला सगळे 'धाकली' म्हणतात. नाव अजून पाठ होतं.) त्या दिवसापासून फोन ह्यांच्या खिशात.

पंचमी चार दिवसांवर आली. लग्नानंतरची पहिली, आष्टीहून भाऊ मुराळी म्हणून न्यायला येणार. माझी पिशवी पंधरा दिवसांपासून भरलेली. तेवढ्यात सरकारी दवाखान्याची आशाताई अंजना अंगणात हजर.

"राजनंदिनी कोण हाय? मांजरसुंब्याच्या ढाब्यावर पेशंटजवळ अर्धा तास बसलती. अ‍ॅपवर आलंय."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बया! ढाब्यावर? कवा गेलतीस गं?"

पाच महिन्यांत मी फार तर हौदापर्यंत गेले होते.

"मी न्हाई, फोन गेलता."

"एकलाच?" अंजनाताई.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे आढ्याकडे. ओसरीवर मामंजी, गळ्यात माळ. आपला लेक मटणाला शिवत नाही, हे गावभर सांगणारे.

"कुणाकडं होता फोन? नाव सांग की!" अंजनाताई म्हणाल्या.

नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायला शिकवलं होतं, पंचनाम्यात नव्हे.

"जाऊ द्या," हे लई उदार होऊन म्हणाले. "चुकलं असंल तिचं."

हातावर शिक्का बसला. चौदा दिवस मागची खोली. (दुसऱ्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "भाकरी तीच थापंल. तव्यावर जंतू मरत्यात.") दारावर कागद लागला: गृह विलगीकरण, खाली ठळक माझं पूर्ण नाव. ह्या दारावर पहिल्यांदाच.

भावाला कळवायला फोन नव्हता. तो आला, रस्त्यावरूनच कागद वाचला आणि गाडी वळवली. पिशवी मी रिकामी केली.

पंधराव्या दिवशी अ‍ॅप हिरवं झालं. "तू सुरक्षित हायेस!" ह्यांनी अंगणातूनच वाचून दाखवलं. मग चुलीपाशी येऊन फोन माझ्यापुढं धरला.

"हे अ‍ॅप तेवढं काढून दे. मांजरसुंब्याला निघालोय, उगं परत तुला तरास नको."

मी पिठाचे हात पुसले आणि काढून दिलं. नावासकट.