कपाखालची वीज

संशोधकबाईंनी सकाळी पुन्हा एकदा पिशवी उघडली, तेव्हा नवऱ्याने त्यांचा हात धरला आणि लगेच सोडून दिला.

"अगं, हात आहेत की बर्फाच्या लाद्या?"

"कप ठेवलाय ना मी?"

"ठेवलायस. मघाशीही ठेवला होतास."

काळजी लागली की बाईंचे हात गार पडत. परीक्षेच्या दिवशी त्यांना पेन धरता येत नसे, आणि आजचा दिवस परीक्षेहून वाईट होता. समिती येणार होती. पिशवीतली पोस्टकार्डाएवढी काळी पट्टी समितीपुढे चालली, तर प्रयोगशाळेला आणखी दोन वर्षे मिळणार होती. नाही चालली, तर प्रयोगशाळेला कुलूप आणि बाई घरी.

पट्टीचे काम सांगायला सोपे होते. एक बाजू गरम आणि दुसरी गार ठेवली की तिच्यातून वीज निघे. अशा पट्ट्या पूर्वीही होत्या, पण त्यांच्यातून उष्णता सरळ आरपार जाई, दोन्ही बाजू सारख्याच तापत आणि वीज मरून जाई. बाईंनी आतल्या पदार्थाचे कण इतके बारीक केले होते, की साध्या सूक्ष्मदर्शकालाही ते सापडू नयेत. त्या कणाकणाशी उष्णता ठेचकाळत राही, वीज मात्र बिनबोभाट निघून जाई. खाली बर्फाचे ताट, त्यावर पट्टी, पट्टीवर गरम चहाचा कप आणि बाजूला एक चिमुकला दिवा. एवढाच कार्यक्रम होता.

समिती आली. अध्यक्ष अंगाने भरदार होते आणि जिना चढून घामाघूम झाले होते. बाईंनी कपात वाफाळता चहा ओतला. सगळे दिव्याकडे बघू लागले. दिवा काही लागेना.

"जरा वेळ घेतो," विभागप्रमुख खाकरत म्हणाले.

बाईंनी तारा चाचपल्या, मग कपाला हात लावला. कप बाहेरून थंडगार होता. नीट पाहिले, तर तो त्यांचा कपच नव्हता. "आलेच हं," म्हणत त्या बाहेर पळाल्या आणि घरी फोन लावला.

"आई, माझा कप कुठाय?"

"तो होय? मीच बदलला," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "तुझा चहा रोज गार होतो म्हणतेस ना, म्हणून दुहेरी भिंतीचा आणला. आतली उष्णता बाहेर यायचं नाव घेत नाही बघ."

बाईंना रडावेसे वाटले. उष्णता अडवायला त्यांना सात वर्षे लागली होती. सासूबाईंनी ते काम बाजाराच्या एका फेरीत उरकले होते.

कुठून तरी साधा कप पैदा करून त्या आत आल्या, तर अध्यक्ष मिशा पुसत होते.

"चहा उत्तम होता. मुख्य म्हणजे गरम होता."

"सर, तो प्रयोग होता."

"मग सांगायचं ना. समोर दिसला, प्यायलो."

"दुसरा आणते सर. आणि बर्फ..." बाईंनी टेबलाकडे पाहिले. पट्टी कोरड्या टेबलावर होती, ताट रिकामे.

"त्याचं पाणी झालं होतं," विभागप्रमुख हळूच म्हणाले. "पट्टी भिजेल म्हणून मी ओतून दिलं. कँटीनमधला चहाही संपलाय म्हणे. समितीची माणसं जरा जास्त आहेत ना."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिले आणि ते उठले. चेहरा लाल झाला होता. "मॅडम, इतक्या वर्षांत एक दिवा लागू नये? हीच का ती पट्टी?" म्हणत त्यांनी ती उचलली आणि तिच्यावर आपला रुंद तळवा दाबला.

पट्टी काचेसारखी ठिसूळ होती. बाईंनी धावत जाऊन दोन्ही हात तिच्याखाली धरले.

दिवा लागला.

अध्यक्षांनी पट्टी उलटसुलट पाहिली, बाईंचा हात चाचपला आणि दचकून सोडला.

"तुमचे हात इतके गार कसे? बरं नाही का?"

"भीती वाटतेय सर."

"चहा नाही, बर्फ नाही, नुसत्या दोन माणसांच्या हातांवर दिवा." अध्यक्ष खूश झाले. "धरा पाहू पुन्हा. दिली तुम्हाला दोन वर्षं."

अध्यक्षांनी पुन्हा वरून तळवा टेकवला, बाईंनी खालून हात लावले आणि सुटकेचा श्वास सोडला. सकाळपासून पहिल्यांदाच बोटांत ऊब आली. दिवा मिणमिणला आणि विझला.

विभागप्रमुखांनी डोळे मिटून घेतले. अध्यक्षांनी दिव्याकडे पाहिले, मग बाईंच्या चेहऱ्याकडे. माणूस हुशार होता.

"दोन वर्षं पक्की," ते म्हणाले. "फक्त दर महिन्याला समिती तपासायला येईल."

दिवा मघापेक्षा लख्ख लागला.